प्लेयर फुकट गेला तर जाऊ दे, चुकीचं कॉन्ट्रॅक्ट गळ्यात पडायला नको

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा, की सांगलीच्या विश्रामबागेत तुमचा मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडच्या फुटबॉल क्लबच्या फॅन्सचा ग्रुप आहे, टीम २०२४-२५ ला प्रीमियर लीगमध्ये पंधरावी आली तेव्हापासून ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. एक तट म्हणतोय हरणाऱ्या टीमच्या कुठल्याच जुन्या प्लेयरला नवीन कॉन्ट्रॅक्ट देऊ नका, संपलं की घरी पाठवा. दुसरा म्हणतोय ऐंशी-ऐंशी मिलियन पाउंड देऊन आणलेली माणसं फुकट, म्हणजे दुसऱ्या क्लबकडून फी न घेता सोडायची म्हणजे खुळेपणा आहे, आधी रिन्यू करा आणि मग विका. आणि तुम्हाला जाणून घ्यायचंय की क्लबच्या ऑफिसात हा निर्णय खरंच कसा होतो.

मी मूळचा मिरजेचा. अकाउंट्स शिकलो आणि मग बरीच वर्षं पुण्यात आणि गोव्यात क्लबांच्या ऑफिसात प्लेयर रजिस्ट्रेशन आणि कॉन्ट्रॅक्टचं काम केलं, आता सांगलीतूनच प्लेयर्सना आणि छोट्या क्लबांना कॉन्ट्रॅक्ट तपासून देतो. युनायटेडच्या आतलं मला काही माहीत असायचं कारण नाही, जे बाहेर आलंय त्यावरूनच बोलतोय. पण नियम सगळीकडं फिफाचेच, आणि अडचणीतल्या क्लबात माणसं जशी घाबरून निर्णय घेतात ते गोव्यात काय आणि मँचेस्टरला काय, सारखंच.

आधी प्रश्न जरा सरळ करून घेऊ. तुमचे दोन्ही तट मागं बघून भांडतायत. पहिला तट मागच्या सीझनचा राग काढतोय, दुसरा मागं दिलेल्या पैशाचं दुःख करतोय. टेबलावर प्रश्न एवढाच असतो, की आजपासून पुढची दोन-तीन वर्षं हा माणूस आपल्याला काय देणार, आपण त्याला काय देणार, आणि तो नसला तर त्याच्या जागी येणारा केवढ्याला पडणार. ८० मिलियन कुणी दिले, का दिले, ते पैसे गेले. म्हणायला सोपं आहे, पण मालक समोर बसलेला असताना त्याला हे पटवायचं म्हणजे घाम फुटतो.

दुसरं, क्लब 'अडचणीत' आहे म्हणजे नक्की कशात आहे? पॉइंट्सच्या अडचणीत की पैशाच्या? युनायटेड पंधरावी आली तरी पगार वेळेवर होतात, स्टेडियम भरतंय. आपल्याकडं हैदराबाद एफसी बघा, २०२१-२२ ला आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीगचा चॅम्पियन, आणि दोनच वर्षांनी २०२३-२४ ला टेबलात तळाला, पगार थकलेले, फिफाची नवीन प्लेयर नोंदवायला बंदी, अर्ध्या सीझनमध्ये प्लेयर निघून गेले. आणि हा क्लब आला कुठून तर २०१९ ला आपला एफसी पुणे सिटी बंद पडला त्या जागेवर, बालेवाडीला मॅच बघायला सांगलीहून जाणारे बरेच असतील त्यांना आठवत असेल. अशा क्लबात रिन्यू करायचं की नाही हा प्रश्न क्लबच्या हातात राहतच नाही. फिफाच्या नियमात २०१८ पासून स्पष्ट आहे, दोन महिन्यांचा पगार थकला, प्लेयरनं लेखी नोटीस दिली आणि १५ दिवसांत क्लबनं भरलं नाही, तर प्लेयर कॉन्ट्रॅक्ट तोडून जाऊ शकतो आणि वर नुकसानभरपाई पण मागू शकतो. त्यामुळं खाली जे लिहितोय ते पॉइंट्सच्या अडचणीतल्या क्लबाचं, जिथं पैसे आहेत पण शहाणपणानं वापरायचेत.

आता 'फुकट गेला' या शब्दाकडं येऊ, कारण सगळी भीती तिथंच आहे. हॅरी मॅग्वायर घ्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ८० मिलियन पाउंडला आणला, सहा वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, पुढं एक वर्षाचा ऑप्शन, म्हणजे क्लबला वाटलं तर आणखी एक वर्ष वाढवायचा हक्क. हिशोबाच्या वहीत ही रक्कम सहा वर्षांत वाटली जाते, म्हणजे वर्षाला साधारण १३.३ मिलियन. २०२५ चा जून आला की वहीत त्याची किंमत शून्य. त्या दिवशी तो फुकट गेला असता तरी वहीत एक पाउंडाचा तोटा दिसला नसता, सगळा खर्च आधीच सोसून झालेला होता. म्हणजे निर्णयाच्या दिवशी मॅग्वायर ८० मिलियनचा राहिलेला नव्हता, एका वर्षाच्या पगाराचा होता. ३२ वर्षांचा अनुभवी डिफेंडर, एक वर्षाचा पगार, आणि त्याच्या जागी नवीन आणायचा तर समजा ४० मिलियन फी म्हणजे पाच वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर वर्षाला ८ मिलियन, वर त्याचा पगार, आणि तो पुढची पाच वर्षं तुमच्याकडंच. क्लबनं २०२५ च्या जानेवारीत ऑप्शन वापरला, माझ्या मते बरोबर केलं. तो एप्रिलमध्ये ल्यॉनविरुद्ध १२१ व्या मिनिटाला हेडर मारून ५-४ करून गेला म्हणून नाही म्हणत, तो गोल झाला नसता तरी निर्णय बरोबरच होता कारण धोका एका वर्षाचाच होता. त्याच उन्हाळ्यात लिंडेलॉफ, एरिक्सन आणि एव्हन्स यांची कॉन्ट्रॅक्टं संपली आणि त्यांना सोडलं, ते पण बरोबर. तुमच्या दोन्ही तटांना यातला अर्धा-अर्धा भाग पटणार नाही, पण एकाच क्लबनं एकाच वेळी एकाला ठेवला आणि तिघांना सोडलं हेच व्यवस्थित काम असतं.

दुसऱ्या तटाचं 'रिन्यू करा मग विका' हे ऐकायला फार हुशारीचं वाटतं. पण विकायला गिऱ्हाईक लागतं, आणि गिऱ्हाईक फी बघतं तसा पगार पण बघतं. आठवड्याला २ लाख पाउंड म्हणजे वर्षाला १ कोटी ४ लाख पाउंड, तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट दिलं की ३ कोटी १२ लाखांचा शब्द तुम्ही दिला. तिशी ओलांडलेला, टीम हरतीय, फॉर्म गेलाय, एवढा पगार दुसरं कोण देणार? आणि प्लेयर का जाईल, त्याच्याकडं सही केलेला कागद आहे, तो त्याच्या जागी बरोबरच आहे. किंमत टिकवायची म्हणून कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं आणि शेवटी किंमत पण जाते आणि पगार मानगुटीवर बसतो तो वेगळाच, हे मी आपल्याकडच्या क्लबात पण डोळ्यांनी बघितलंय. युनायटेडमध्ये फिल जोन्सला २०१९ च्या फेब्रुवारीत २०२३ पर्यंतचं कॉन्ट्रॅक्ट दिलं, गुडघ्यानं साथ दिली नाही, त्यातले दोन अख्खे सीझन तो एक मॅच खेळला नाही. त्या माणसाबद्दल वाईटच वाटतं, दुखापत कुणाच्या हातात नसते, पण ज्याचा दुखापतीचा इतिहास समोर कागदावर आहे त्याला चार वर्षं द्यायची की एक, हे क्लबच्या हातात होतं.

यात वहीची एक गोम आहे ती पण सांगतो कारण बातम्यांमध्ये ती नीट येत नाही. समजा प्लेयरची वहीत २० मिलियन शिल्लक आहे आणि दोन वर्षं उरलीत, म्हणजे वर्षाला १० मिलियन खर्च. आज त्याचं कॉन्ट्रॅक्ट वाढवून पाच वर्षं केली तर तेच २० मिलियन पाच वर्षांत वाटले जातात, वर्षाला ४. म्हणजे सही केली की यंदाच्या हिशोबात ६ मिलियन हलके झाले. प्रीमियर लीगमध्ये २०२५-२६ पर्यंतच्या नियमात तीन वर्षांत मिळून १०५ मिलियनच्या वर तोटा चालत नव्हता, तो मोडला म्हणून एव्हर्टनचे २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये १० पॉइंट कापले, नंतर अपिलात ते ६ झाले, त्यामुळं ज्यांचा हिशोब काठावर होता त्यांना हा मोह व्हायचा. चेल्सीनं एन्झो फर्नांडेझला साडेआठ वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट दिलं ते याच गणितावर, मग युएफानं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, आणि पाठोपाठ प्रीमियर लीगनं वाटणीला पाच वर्षांची मर्यादा घातली. तर एखादं रिन्यूअल बघून 'याला कशाला' असा प्रश्न पडला की कधीकधी उत्तर मैदानावर नसतं. अडचणीतल्या क्लबानं हे करू नये असं माझं ठाम मत आहे, यंदाचे ६ मिलियन हलके होतात पण पुढची तीन वर्षं जड होतात.

मग चूक नेमकी कुठं होते? माझ्या मते वेळेत. सगळी चर्चा शेवटच्या वर्षी सुरू होते आणि तोपर्यंत क्लबचा हात दगडाखाली अडकलेला असतो. १९९५ च्या बोस्मन निकालापासून कॉन्ट्रॅक्ट संपलं की प्लेयर मोकळा, आणि फिफाच्या नियमानं शेवटचे सहा महिने उरले की तो दुसऱ्या क्लबशी पुढच्या सीझनचा करार करू शकतो, म्हणून इंग्लंडमधल्या प्लेयर्सची जानेवारीपासून परदेशी क्लबांशी बोलणी सुरू होतात. तासगाव-मिरजेकडं ज्यांच्या द्राक्षबागा आहेत त्यांना हे लगेच कळेल, काडीत घडनिर्मिती होते ती एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, तेव्हा दुर्लक्ष झालं तर ऑक्टोबरच्या छाटणीला कितीही औषधं मारा, काडीत जे नाही ते बाहेर येत नाही. कॉन्ट्रॅक्टची खरड छाटणी म्हणजे दोन वर्षं शिल्लक असतानाची वेळ. त्यावेळी तीन रस्ते उघडे असतात, वाढवा, विका, किंवा ठरवून शेवटपर्यंत खेळवा आणि सोडा. एक वर्ष उरलं की दोनच उरतात आणि दोन्ही महाग.

युनायटेडचा फॉरवर्ड रॅशफर्ड, त्याचं प्रकरण यात बसतंय. २०२२ च्या डिसेंबरमध्ये ऑप्शन वापरून त्याचं कॉन्ट्रॅक्ट २०२४ पर्यंत नेलं, म्हणजे २०२३ च्या उन्हाळ्यात एकच वर्ष उरलेलं, आणि तो नुकताच ३० गोल मारून आलेला. अशा वेळी बोलणीत प्लेयरच वरचढ असणार, कुणीही असता. २०२८ पर्यंतचं कॉन्ट्रॅक्ट झालं, पगार आठवड्याला तीन लाखांच्या वर असल्याचं सगळीकडं छापून आलं. पुढच्या सीझनला सगळ्या स्पर्धा धरून ८ गोल, मग २०२५ ला आधी ॲस्टन व्हिला आणि मग बार्सिलोनाला लोनवर, म्हणजे ठराविक काळापुरता उसना. लोक म्हणतात रॅशफर्ड बिघडला, मी म्हणतो तो कसा खेळला ते बाजूला ठेवा, सर्वात चांगला सीझन आणि सर्वात कमी शिल्लक कॉन्ट्रॅक्ट हे दोन एकत्र येऊ दिले तिथंच ते महाग पडलं. त्याच डिसेंबरात फ्रेडचा पण ऑप्शन वापरला होता, त्याला पुढच्याच उन्हाळ्यात तुर्कस्तानच्या फेनरबाचेला विकून फी मिळवली, तिथं ऑप्शननं आपलं काम केलं. टॉटनहॅमनं सोनचा ऑप्शन २०२५ च्या जानेवारीत वापरला, तो मे महिन्यात बिल्बाओला युनायटेडलाच हरवून युरोपा लीगचा कप उचलून गेला आणि ऑगस्टमध्ये फी घेऊन अमेरिकेतल्या एलएएफसीला विकला. ऑप्शन हे छोटं हत्यार आहे, एक वर्ष विकत मिळतं, त्यावर संसार उभा राहत नाही.

ऑप्शनवरून एक सांगायचंय, आपल्याकडं खेळणारी पोरं हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी पण. ऑप्शनच्या कलमात तीन गोष्टी असतात, कुणी वापरायचा, कुठल्या तारखेपर्यंत, आणि कशानं कळवायचं. आपल्याकडं कॉन्ट्रॅक्टं साधारण ३१ मे ला संपतात. एका क्लबात, नाव नको, कलमात लिहिलेलं की ३१ मार्चपर्यंत नोंदणीकृत ईमेलवर लेखी कळवायचं, आणि टीम मॅनेजरनं प्लेयरला व्हॉट्सॲपवर 'भाई अगले साल भी साथ में' एवढंच पाठवलं. एजंटनं एप्रिलमध्ये कलम काढून दाखवलं आणि त्या सीझनचा सगळ्यात चांगला मिडफिल्डर एक रुपया न देता दुसरीकडं गेला. त्या क्लबचे फॅन्स आजही म्हणतात की पोरानं पैशासाठी दगा दिला. त्यानं काही दगा दिला नाही, क्लबनं ईमेल पाठवला नाही. फॅन म्हणून आपण प्लेयरला शिव्या देतो तेव्हा निम्म्या वेळा चूक ऑफिसातली असते, हे मला मनापासून सांगावंसं वाटतं.

आता पहिल्या तटाचं, 'संपलं की सोडा'. हे मला जास्त पटतं, पण यालाही हद्द आहे आणि ती लेस्टरनं दाखवली. २०२१ ला टिलेमान्सच्या गोलवर एफए कप जिंकलेला क्लब, २०२२-२३ ला खालच्या लीगमध्ये गेला, आणि त्याच उन्हाळ्यात टिलेमान्स, सोयुंजू, एव्हन्स, पेरेझ, आमार्टी अशी कितीतरी कॉन्ट्रॅक्टं एकदम संपली. टिलेमान्स व्हिलाला फुकट, सोयुंजू ॲटलेटिकोला फुकट. एक-दोन जण फुकट गेले तर क्लब बुडत नाही. पण पाच-सहा जण एकाच वर्षी शेवटच्या वर्षात असले तर ड्रेसिंग रूममध्ये निम्मी माणसं पुढच्या घराचा विचार करत असतात, बाहेरच्या क्लबाला पण माहीत असतं की यांना घाई आहे, आणि नवीन माणसं आणायला फीचा पैसा पण हातात येत नाही. त्यामुळं मी कुठल्याही क्लबाला सांगतो, एका उन्हाळ्यात पहिल्या अकरातल्या तीनपेक्षा जास्त लोकांचं कॉन्ट्रॅक्ट संपू देऊ नका. हा तीनचा आकडा नियमातला नाही, माझ्या अनुभवातला आहे, स्क्वॉड लहान असेल तर दोन म्हणा.

मी स्वतः काम करताना एक साधी एक्सेल शीट ठेवतो. प्रत्येक प्लेयरची एक ओळ. पहिल्या कॉलममध्ये आजचं वय लिहीत नाही, नवीन कॉन्ट्रॅक्ट ज्या दिवशी संपणार त्या दिवशीचं वय लिहितो, एवढ्या एका बदलानं निम्मे वाद तिथंच मिटतात, कारण '२९ चाच आहे की' म्हणणारा माणूस समोर ३३ बघितल्यावर गप्प होतो. पुढच्या कॉलममध्ये मागच्या तीन सीझनची मिनिटं. लीगच्या ३८ मॅचची ३४२० मिनिटं होतात, त्यातली किती खेळला आणि जी खेळला नाही ती दुखापतीमुळं की कोचनं बसवल्यामुळं, हे वेगवेगळं लिहितो कारण कोच बदलला की दुसरं कारण बदलू शकतं, पहिलं सहसा वाढतच जातं. मग त्याच्या जागी येणाऱ्याचा वर्षाचा सगळा खर्च, फीचा वाटा धरून. आणि शेवटचा कॉलम, समजा सहा महिन्यांत हे चुकलं असं वाटलं तर हा पगार देऊन याला घेणारे क्लब कोणते, नावं लिहायची, अंदाज नाही. तिथं दोन नावं पण लिहिता आली नाहीत तर एका वर्षापेक्षा जास्त देऊ नये, मग तो कितीही लाडका असो.

लाडक्यांचं दुखणं आर्सेनलच्या लोकांना विचारा. २०१८ च्या जानेवारीत त्यांचा स्टार सांचेझ युनायटेडला गेला, आता दुसरा स्टार ओझिल पण गेला तर लोक काय म्हणतील या धास्तीत त्याला २०२१ पर्यंत क्लबच्या इतिहासातला सर्वात मोठा पगार दिला, २०२० च्या शेवटी त्याचं नाव लीगच्या स्क्वॉडमध्ये पण नव्हतं. आणि एकाचा पगार असा उडाला की बाकीच्यांचे एजंट दुसऱ्या दिवशी फोन करतात, ते त्यांचं कामच आहे.

पोरांच्या बाबतीत मात्र हात आखडता घेऊ नका. युनायटेडनं अमादचं कॉन्ट्रॅक्ट २०२५ च्या जानेवारीत २०३० पर्यंत नेलं तेव्हा तो २२ चा होता, संपेल तेव्हा २७ चा. चुकलं तरी घेणारे मिळतात, बरोबर निघालं तर पाच वर्षं निश्चिंत. अकॅडमीतल्या पोराला तर वहीत किंमतच नसते, विकला तर आलेली सगळी फी नफा. टीम हरत असताना लोकांना वाटतं आता कुणालाच काही देऊ नका, पण हरणाऱ्या टीममधल्या चांगल्या पोराला पटवायची वेळ तीच असते, टीम जिंकायला लागली की त्याचा भाव पण चढतो. मधल्या वयाच्यांना, २६-२७ च्यांना, काय द्यावं हे खरंच परिस्थितीवर आहे, कोच कोण, तो किती टिकणार, युरोप खेळणार की नाही. तिथं मी कलमांवर भर देतो, खाली गेलो तर पगार ठराविक टक्के कमी, अमुक मॅच खेळल्या तर आपोआप एक वर्ष वाढ, मूळ पगार थोडा कमी आणि मॅचवारी जास्त. चांगला एजंट यावर भांडतो, पण ज्याला स्वतःच्या फिटनेसवर भरवसा आहे तो प्लेयर सहसा मान्य करतो.

शेवटी तुम्ही युनायटेडच्या ब्रुनो फर्नांडिसचं विचारलंय, त्यावरून म्हणे तुमच्यात अबोला झालाय. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्यानं २०२७ पर्यंत सही केली, पुढं एक वर्षाचा ऑप्शन. जन्म १९९४ च्या सप्टेंबरचा, म्हणजे ऑप्शन धरून संपेल तेव्हा ३३. मिनिटांच्या कॉलममध्ये त्याच्यासारखा माणूस अख्ख्या स्क्वॉडमध्ये नाही, दुखापतीनं बाहेर बसल्याचं क्वचितच आठवतं. शेवटच्या कॉलममध्ये पण नावं आहेत, २०२५ च्या उन्हाळ्यात सौदीच्या अल-हिलालनं विचारलंच होतं आणि त्यानं नको म्हटलं. माझ्या शीटवर तो 'ठेवा' मध्ये येतो, पण पगार न वाढवता आणि एका वेळी एकच वर्ष, आणि त्याच्या जागेवर खेळेल असा २१-२२ चा पोरगा तो असतानाच आणून त्याच्या शेजारी उभा करायचा. तुमच्या ग्रुपमधला जो म्हणतोय की कॅप्टन आहे म्हणून तीन वर्षं द्या, त्याला ३३ नंतरच्या वर्षांत त्याच्या पगाराला घेणाऱ्या दोन क्लबांची नावं कागदावर लिहायला सांगा. आणि जो म्हणतोय की आत्ताच विका, त्याला विचारा की पुढच्या सीझनची ती तीन हजार मिनिटं कोण खेळणार आणि तो केवढ्याला येणार. दोघांनी लिहून आणलं की मला पाठवा, मी बघून सांगतो.